ओव्हर न देताच ड्युटी संपली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेचं सैन्य अफगाणिस्तानातून परत गेलं ते बरोबर की चूक यावर तुम्ही समोरासमोर दोन लेख छापलेत, ते वाचले. दोन्ही हुशार माणसांनी लिहिलेत, एकाने डॉलर मोजलेत आणि दुसऱ्याने चीन, पाकिस्तान, रशिया असं सगळं नकाशावर मांडलंय. पण दोन्हीत मिळून बायकांवर किती ओळी आहेत त्या मी पेन्सिलीने खुणा करून मोजल्या. सहा. त्यातल्या दोन ओळींत "महिला आणि मुले" असं एकत्र आहे, म्हणजे तशा पाचच धरा. म्हणून हे पत्र. लांबलंय ते मला माहितीये, कात्री लावायची तर लावा, फक्त बाळंतपणाचा भाग कापू नका.

मी पालिकेच्या एका हॉस्पिटलात चौतीस वर्षं सिस्टर होते, त्यातली एकवीस लेबर रूमला. २०२२ ला रिटायर झाले. परराष्ट्र धोरणातलं मला काही कळत नाही असं आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे आणि ते खोटंही नाही. पण सध्या आमचे मोठे भाऊजी साताऱ्याहून आमच्याकडे आलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणून पेपर मी वाचून दाखवते, आणि वाचून दाखवता दाखवता आमचं भांडण होतं. भाऊजी फौजेतून रिटायर झालेले. अमेरिकेची माघार बरोबरच होती या बाजूचे, एकदम कट्टर.

त्यांचं म्हणणं आधी सांगते, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. भाऊजी श्रीलंकेत भारताच्या शांतिसेनेत होते, १९८७ ते १९९०. ते म्हणतात, वहिनी, दुसऱ्याच्या घरात पहारा देणाऱ्याला पहिल्या महिन्यात चहा मिळतो, दुसऱ्या वर्षी शिव्या मिळतात. आपले बाराशेच्या आसपास जवान तिथे गेले आणि शेवटी तिथल्या अध्यक्षांनीच आता निघा म्हणून सांगितलं. मार्च १९९० मध्ये आपलं शेवटचं जहाज त्रिंकोमालीहून सुटलं. अमेरिका तर वीस वर्षं होती. त्यांचे चोवीसशेहून जास्त सैनिक मेले, अफगाण सैनिक आणि पोलीस मिळून साठ हजारांच्या वर, गावातली साधी माणसं वेगळी. एके काळी एक लाख अमेरिकन सैन्य होतं तिथे तरी तालिबान संपले नाहीत, मग २०२१ साली उरलेल्या अडीच हजारांनी आणखी काय केलं असतं? आणखी किती वर्षं? तीस? पन्नास? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाहीये.

पण मी त्यांना विचारलं, भाऊजी, तुमचं जहाज सुटलं तेव्हा तिथे तुमच्या बाजूने उभे राहिले होते त्यांचं काय झालं? तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आपल्या भरवशावर तिथे तमिळांचं एक प्रांतिक सरकार उभं होतं, त्याच्या हाताखाली पोरांची एक फौज उभी केली होती, त्यातली कित्येक पोरं घरातून उचलून आणलेली, मिसरूड न फुटलेली. आम्ही निघायला लागलो तशी तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईने, ती पोरं कापली. मुख्यमंत्री भारतात पळून आला, पोरं कुठे पळणार.

हे सांगताना डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही हे ते विसरले, मग मीच ड्रॉप्स घातले आणि विषय बदलला.

आता माझा मुद्दा. आमच्या कामात एक गोष्ट असते, तिला आम्ही ओव्हर म्हणतो. ओव्हर देणे, ओव्हर घेणे. शिफ्ट संपली म्हणजे ड्युटी संपली असं नर्सचं नसतं, पुढची सिस्टर आली पाहिजे, तिला बेडगणिक सांगितलं पाहिजे, चार नंबर पहिलटकरीण आहे, सात सेंटिमीटर झालंय, बीपी वर आहे लक्ष ठेव, सहा नंबरची वार उशिरा सुटली, ब्लीडिंग बघत राहा, नऊ नंबरचं बाळ दूध ओढत नाहीये. हे सगळं झाल्यावर मग पर्स उचलायची. तुम्ही किती दमलाय, घरी पोर तापाने फणफणलंय का, शेवटची लोकल चुकेल का, हे सगळं नंतर. आधी ओव्हर.

हे मी फार शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. १९९६ च्या पावसात मी स्वतः ओव्हर न देता निघालेय. गाड्या बंद पडायला लागल्या होत्या, माझी मुलगी दोन वर्षांची, रिलीव्हर पाच मिनिटांत पोचतेय असा निरोप आला होता, मी आयाबाईला सांगितलं आणि निघाले. पाच मिनिटांची पंचेचाळीस झाली. सहा नंबरची बाई ब्लीड होत राहिली, पांघरुणाखाली कोणाला दिसलं नाही. वाचली, पण पिशवी काढावी लागली. वय तेवीस. मला मेमो मिळाला तो योग्यच होता. ती बाई पुढे मला कधी भेटली नाही आणि भेटली असती तरी मी काय बोलणार होते.

तर माघार घेणं चूक होतं का, हा प्रश्नच मला चुकीच्या ठिकाणी धरल्यासारखा वाटतो. कोणीही कायमची ड्युटी करत नाही, एक दिवस जायचंच होतं. ओव्हर कोणाला दिली ते बघा.

२९ फेब्रुवारी २०२० ला कतारमधल्या दोह्यात करार झाला. एका बाजूला अमेरिकेचे झल्मय खलिलझाद, दुसऱ्या बाजूला तालिबानचे मुल्ला बरादर. काबूलमध्ये जे सरकार होतं, लोकांनी मतं देऊन आणलेलं, मग कितीही भ्रष्ट म्हणा, ते त्या करारात नाहीच. तीन-चार पानांचा कागद आहे. सैन्य कधी निघणार ते आहे, पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडायचे ते आहे, अमेरिकेवर तिथून हल्ला होऊ द्यायचा नाही ते आहे. बाई हा शब्द नाही. मुलींची शाळा नाही. म्हणजे पेशंट कोण, तिच्या घरचे कोण हे सोडून, ज्याने तिला मारून इथवर आणलं त्याच्याच हातात केसपेपर देऊन टाकला. त्याला फक्त एवढंच सांगितलं की आमच्या घरावर दगड मारू नकोस हां.

नंतर दोन्हीकडच्या अफगाणांनी आपसात बोलायचं ठरलं, सप्टेंबर २०२० मध्ये, तेव्हा सरकारच्या एकवीस जणांच्या टीममध्ये चार बायका होत्या. त्यातल्या फौजिया कूफी यांच्यावर महिनाभर आधी गोळीबार झाला होता, हाताला गोळी लागलेली, तरी त्या जाऊन बसल्या. पण तोवर मुख्य सौदा दुसऱ्या टेबलावर होऊन गेला होता. जेवणावळी उठल्यावर पंगतीला बोलावण्यासारखं.

आणि जाताना तरी? बगराम म्हणून त्यांचा सगळ्यात मोठा हवाई तळ, जुलै २०२१ मध्ये तो त्यांनी रातोरात सोडला, लाइट बंद केले आणि गेले. ज्या अफगाण अधिकाऱ्याने तो तळ सांभाळायचा होता त्याला ते गेल्यावर दोन तासांनी कळलं. मी हे भाऊजींना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, असं फौजी करत नाही. मी म्हटलं, सिस्टर पण करत नाही, केलं तर मेमो मिळतो.

१५ ऑगस्ट २०२१ मला लख्ख आठवतो कारण त्याच दिवसापासून दोन डोस झालेल्या सामान्य लोकांना लोकलमध्ये घ्यायला सुरुवात झाली होती, इतके महिने आम्ही अत्यावश्यकवाल्या रिकाम्या डब्यातून जायचो ती चैन संपली. सकाळची शिफ्ट करून, हॉस्पिटलातलं झेंडावंदन करून घरी आले, टीव्ही लावला तर काबूल पडलेलं. तिथले राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी पळालेले. पुढचे दोन आठवडे तो विमानतळ आपण सगळ्यांनीच पाहिला, विमानाला लटकलेली माणसं पाहिली, तारेवरून सैनिकाच्या हातात बाळ देतायत ते पाहिलं. २६ तारखेला गेटवर बॉम्ब फुटला, तेरा अमेरिकन सैनिक आणि दीडशेच्या वर अफगाण गेले. ३० ऑगस्टच्या रात्री बारा वाजायला एक मिनिट असताना शेवटचं विमान उडालं. डेडलाइन ३१ ची होती. घड्याळ मात्र अगदी बरोबर सांभाळलं त्यांनी.

सगळ्यात जास्त चीड मला कशाची येते सांगू? आत शिरताना बायकांचं नाव पुढे केलं होतं त्याची. नोव्हेंबर २००१ मध्ये बुशबाईंनी, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने, रेडिओवर भाषण केलं होतं की ही लढाई अफगाण बायकांच्या हक्कांचीही आहे. जाताना चार पानांत एक शब्द नाही. कामापुरता मामा म्हणतात तसं, कामापुरती मावशी.

इथे भाऊजींचा अजून एक पॉइंट आहे आणि तो मी प्रामाणिकपणे लिहिते. ते म्हणाले, वहिनी तुम्ही ज्या बायका बोलताय त्या काबूलच्या, हेरातच्या, कॉलेजात जाणाऱ्या. हेलमंडच्या खेड्यातल्या बाईला विचारा. तिच्या घरात रात्री दोन वाजता दरवाजा तोडून सैनिक शिरत होते, वरून बॉम्ब पडत होते, तिचा मुलगा एक तर तालिबानने नेला नाही तर सरकारने. तिच्यासाठी सैन्य गेलं म्हणजे रात्री झोप आली. हे खरं आहे, मला मान्य करायलाच लागलं. त्या वीस वर्षांत बऱ्याच खेड्यांपर्यंत शाळा पोचलीच नाही, पोचली तर कागदावर. आणि अमेरिकन असतानाही काबूलमध्ये मुली सुरक्षित होत्या असं नाही, मे २०२१ मध्ये दश्त-ए-बर्चीत शाळा सुटताना बॉम्ब फुटले त्यात ऐंशीच्या वर मेले, बहुतेक मुली, आणि तेव्हा सैन्य देशातच होतं.

पण भाऊजी, त्या हेलमंडच्या बाईला रात्री झोप लागली हे चांगलंच झालं, तिला बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर काय? तुमच्या लेखकांनाही हाच प्रश्न आहे.

आता बाळंतपणाचा भाग.

२००२ साली त्या अख्ख्या देशात शिकलेल्या सुइणी पाचशेच्याही आत होत्या. महाराष्ट्रापेक्षा दुपटीहून मोठा देश. मग गावातल्याच मुली निवडायच्या, त्यांना दोन वर्षं शिकवायचं आणि परत त्याच गावात पाठवायचं, असं चालू झालं आणि काही वर्षांत त्या काही हजारांवर गेल्या. मला विचाराल तर त्या वीस वर्षांतलं सगळ्यात सोन्यासारखं काम हेच. ते बंदुकीने नाही झालं, पण बंदुका होत्या म्हणून होऊ शकलं, हेही तितकंच खरं, आणि हे दोन्ही एकत्र मान्य करायला तुमचे दोन्ही लेखक तयार नाहीत. एवढं करूनसुद्धा २०२० च्या अंदाजाप्रमाणे लाख बाळंतपणांमागे तिथे ६२० बायका जात होत्या. आपल्या महाराष्ट्रात त्याच सुमाराला ३३. मी लेबर रूमला होते, मला या आकड्यात चेहरे दिसतात.

मग तालिबान आले. सप्टेंबर २०२१ मध्ये माध्यमिक शाळेत फक्त मुलांना बोलावलं. २३ मार्च २०२२ ला मुलींच्या शाळा उघडतो म्हणाले, मुली दप्तर घेऊन पोचल्या, काही तासांत घरी पाठवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी बंद. त्याच आठवड्यात एनजीओत काम करणं बंद. आधी बागा आणि जिम बंद, नंतर ब्युटी पार्लरं बंद. ७२ किलोमीटरच्या पुढे जायचं तर बरोबर घरातला पुरुष पाहिजे. ऑगस्ट २०२४ च्या कायद्यात तर बाईचा आवाजही झाकायची गोष्ट ठरली. महिला मंत्रालयाच्या इमारतीवरची पाटी काढून तिथे सद्गुण-दुर्गुणवाल्या मंत्रालयाची पाटी लावली हे तर पहिल्याच महिन्यात. ही यादी तुमच्या पेपरात येऊन गेलीये, मी परत उगाळत नाही.

पण डिसेंबर २०२४ मध्ये जे झालं ते आपल्याकडे कोपऱ्यात छापून आलं. नर्सिंग आणि सुईणकामाचे कोर्ससुद्धा मुलींना बंद केले. तोंडी आदेश, कागद पण नाही. हॉस्पिटलात आधीच कामाला आहेत त्या बायकांना काम करू देतात, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की चाललंय की. चाललंय, पण नळ बंद करून टाकीतलं पाणी वापरल्यासारखं. सहावीनंतर शाळा नाही म्हणजे बारावी नाही, बारावी नाही म्हणजे नर्सिंग नाही, नर्सिंग नाही म्हणजे आज ज्या पन्नाशीच्या सिस्टर आहेत त्या माझ्यासारख्या रिटायर होतील तेव्हा ओव्हर घ्यायला कोणी येणारच नाही.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही. मुंबईत १८८० च्या सुमाराला अशीच अडचण होती. बायका पुरुष डॉक्टरला दाखवायला तयार नाहीत, मेल्या तरी चालेल. हिंदू, मुसलमान, कोणीच नाही. त्याच्यावर मुंबईकरांनी काय उपाय काढला? बायका डॉक्टर आणा. पेस्तनजी होरमसजी कामांनी पैसे दिले, एडिथ पेची नावाच्या डॉक्टरीणबाई विलायतेतून आल्या, १८८६ ला कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांसाठी आणि बायकांनी चालवलेलं. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्यांचंही म्हणणं हेच की आमच्या बायकांना बाईच डॉक्टर पाहिजे. म्हणजे पडदा मानला तरी त्यातून वाट निघत होती. तालिबानचं काय, तर बाईला पुरुषाने हात लावायचा नाही आणि हात लावायला बाई तयार होऊ द्यायची नाही. मग उरलं काय? २०२५ च्या ऑगस्टअखेर अफगाणिस्तानात कुनारला भूकंप झाला, दोन हजारांच्या वर माणसं गेली, तेव्हा ढिगाऱ्याखालच्या बायकांना बाहेर काढायला पुरुष कचरत होते अशा बातम्या आल्या. मला आश्चर्य नाही वाटलं.

"त्यांची संस्कृती आहे, आपण कोण बोलणारे" असं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं होतं. त्यांना माझं एवढंच, की डिसेंबर २०२४ च्या त्या बंदीवर रशीद खान आणि मोहम्मद नबी या दोघा अफगाण क्रिकेटपटूंनी उघड लिहिलं की हे करू नका, देशाला डॉक्टर-नर्स बायकांची गरज आहे. ते कुठल्या संस्कृतीतले? आणि सावित्रीबाईंवर शेण मारणारेही संस्कृतीचंच नाव घेत होते, फरक इतकाच की सरकार बंदूक घेऊन शाळेच्या दारात उभं नव्हतं. शेण धुता येतं.

रशीद खानवरून आठवलं. ७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे, अफगाणिस्तान विरुद्ध ऑस्ट्रेलिया. माझा भाचा मॅचला गेला होता, मॅक्सवेलने लंगडत लंगडत २०१ काढले ती. भाचा सांगतो, तो खेळेपर्यंत अर्धं स्टेडियम अफगाणिस्तानच्या बाजूने ओरडत होतं. चांगलंय, मला पण ती पोरं आवडतात. पण त्यांच्या बोर्डाने २०२० मध्ये पंचवीस मुलींशीही करार केला होता, हे त्या स्टेडियममध्ये किती जणांना माहीत होतं? त्यातल्या बहुतेक ऑस्ट्रेलियात पळाल्या आणि पहिली मॅच त्यांना मिळाली जानेवारी २०२५ मध्ये, मेलबर्नमध्ये, तीही देशाचा अधिकृत संघ म्हणून नाही. ऑस्ट्रेलिया तर २०२३ च्या मार्चमध्ये व्हायची अफगाणिस्तानबरोबरची मालिका मुलींसाठी म्हणून रद्द करून बसली होती आणि त्याच वर्षी वर्ल्ड कपला मात्र वानखेडेवर खेळायला हजर. पॉइंट बुडले असते ना.

आता आपल्याकडे येते, कारण अमेरिकेला शिव्या देणं सोपं आहे, ती लांब आहे.

तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत आले. पहिल्या पत्रकार परिषदेत एकही बाई पत्रकार नव्हती, दिल्लीत, आपल्या राजधानीत. बोंबाबोंब झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली, त्यात बायका पहिल्या रांगेत, आणि आधीचं म्हणे तांत्रिक कारणाने झालं होतं. सरकार म्हणालं आमचा त्यात काही हात नव्हता, दूतावास त्यांचा. असेल. आपल्या मुंबईतल्या अफगाण कॉन्सुलेटचंच बघा, तिथे एक बाई कॉन्सुल जनरल होत्या, २०२४ मध्ये विमानतळावर पंचवीस किलो सोन्याचं प्रकरण बाहेर आलं आणि त्यांनी पद सोडलं (त्यांची बाजू घ्यायला मी निघालेली नाही), त्यानंतर तिथे तालिबानने आपला माणूस नेमला. तो दिल्लीतच शिकलेला. म्हणजे आपल्याकडे शिकायला आलेला मुलगा मुंबईत साहेब म्हणून परत येतो आणि त्याच्याच देशातली मुलगी सातवीत पण जात नाही.

मी काबूलशी बोलूच नका म्हणणारी नाही. शेजार आहे, आपली हिंग, अंजीर, केशर सगळं तिथून येतं, मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांना विचारा. पाकिस्तानचा कोन आहे तो भाऊजी मला रोज समजावून सांगतात. बोला. दूतावास उघडलात तो पण ठीक. पण बोलताना काय मागितलंत?

त्याच भेटीत भारताने जाहीर केलं की पक्तिका, खोस्त आणि पक्तिया या प्रांतांत आपण पाच प्रसूतिगृहं बांधून देणार. वाचून मला आधी फार आनंद झाला. मग दुसऱ्या मिनिटाला डोक्यात आलं की तिथे डिलिव्हरी कोण करणार? भिंती आपण बांधू, टेबलं पाठवू, हत्यारं निर्जंतुक करायचे ऑटोक्लेव्ह पाठवू, ॲम्ब्युलन्स तर दिल्याच. पाच वर्षांनी त्या टेबलाजवळ उभी राहणारी सुईण कुठून आणणार? तिला तर शिकायलाच बंदी आहे. अडलेल्या बाईला इमारत सोडवत नाही हो, हात सोडवतात.

म्हणून माझी सरकारला एकच सूचना आहे, तुमच्या पेपरातून पोचली तर बघा. पैसे आपले आहेत तर अट पण आपली पाहिजे. प्रत्येक प्रसूतिगृहाला जोडून त्याच भागातल्या मुलींसाठी सुईणकामाचा वर्ग, नाही तर पायाचा दगड बसणार नाही. तालिबानला मुलींची शाळा नको असेल, स्वतःच्या बायकोचं बाळंतपण नीट व्हायला पाहिजेच आहे. तिथेच धरा त्यांना. आणि ज्या अफगाण मुली आधीच इराणमध्ये, पाकिस्तानात, आपल्या दिल्लीत अडकून बसल्यात त्यांना आपल्या नर्सिंग कॉलेजांत जागा द्या, व्हिसा द्या. ऑनलाइन स्कॉलरशिप देतो आपण त्यांना, ते चांगलंच आहे, पण शिरेत सुई फोनवर शिकवता येत नाही, आणि सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तालिबानने दोन दिवस अख्ख्या देशाचं इंटरनेटच बंद केलं होतं, तेव्हा तोही मार्ग त्यांच्याच हातात आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आपण अफगाणांना आधी दिलेले व्हिसे एका फटक्यात रद्द केले होते, एका महिला खासदाराला दिल्ली विमानतळावरून परत पाठवलं होतं, नंतर चूक झाली म्हणालो. तेव्हा ओव्हर घ्यायला आपण पण नव्हतो.

पाठवायच्या आधी हे सगळं मी भाऊजींना वाचून दाखवलं. माघार बरोबरच होती हे त्यांचं मत बदललेलं नाही, तसं लिहा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले की अट घालायची तर सुईणींच्या वर्गाला पहारा पण लागेल, तो कोण देणार ते पण लिहा. याचं उत्तर मला सुचलेलं नाही.

त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तोवर पेपर मीच वाचून दाखवणार आहे, तेव्हा कोणा फौजी वाचकाने किंवा तुमच्या त्या दोन लेखकांपैकी कोणी उत्तर पाठवलं तर जरूर छापा, आम्हाला दोघांना एकदमच कळेल.

आपली वाचक,
एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई